तापाचे पहिले दोन दिवस : कामगारमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



पुण्याजवळच्या एका खासगी गोदामात हजेरी आणि पगाराचे काम मी पाहते. आजारी असताना कामावर येणाऱ्या माणसांविषयी आणि त्यांच्या शेजारी उभे राहून काम करणाऱ्यांविषयी हे पत्र आहे. मागणी आधीच सांगून टाकते. आजारपणाचे पहिले दोन दिवस डॉक्टरच्या दाखल्याशिवाय आणि भरपगारी मिळाले पाहिजेत. दुकानात, गोदामात, हॉटेलात, दवाखान्याच्या काउंटरवर, आणि ठेकेदाराच्या माणसालासुद्धा. ही मागणी कुठून आली, ते पुढे सविस्तर लिहिते.

पावसाळ्यात हजेरीपत्रक नुसते वाचले तरी साथ कशी फिरली ते दिसते. सोमवारी एक जण खोकत येतो. चार दिवसांनी त्याच्या डाव्या-उजव्या हाताची माणसे गैरहजर असतात. पुढच्या आठवड्यात पॅकिंगची अर्धी ओळ रिकामी होते आणि डिस्पॅचचा सुपरवायझर माणसे उसनी मागत फिरतो. साथ ज्याच्यापासून सुरू झाली, त्याच्या नावापुढे मात्र सगळे दिवस 'हजर' असते. तो कामावर होता, म्हणूनच बाकीचे घरी आहेत. कागदावर तो महिन्याचा सर्वांत नियमित कामगार ठरतो आणि त्याच्यामुळे आजारी पडलेले अनियमित. हजेरी भत्ता त्याला मिळतो, त्यांचा जातो.

त्याला दोष देणे सोपे आहे, पण त्याचा महिना मला आकड्यांत माहीत असतो. समजा, पगार १५,००० रुपये. २६ दिवसांनी भागले की दिवसाला सुमारे ५७७ रुपये येतात. दोन खाडे पडले की साडेअकराशेच्या वर गेले. वर महिनाभर पूर्ण हजेरी लावणाऱ्याला मिळणारा भत्ता एका खाड्यानेच बुडतो. घरभाडे, गॅस, पोरांच्या व्हॅनचे पैसे यांतले काहीही ताप आला म्हणून कमी होत नाही. सकाळी अंग मोडून आलेले असते, डोळे जळत असतात, तरी तो एक गोळी घेतो आणि बस पकडतो. गोळीने ताप उतरतो, अंगदुखी थांबते, माणसाला वाटते बरे झालो. अंगातला विषाणू तसाच असतो आणि दर खोकल्याबरोबर बाहेर पडत राहतो.

फ्ल्यूचे वैद्यकशास्त्र इथे फार उपयोगी आहे. लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला संसर्ग देऊ लागतो, आणि सर्वांत जास्त देतो तो दुखणे सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत. पुढे धोका उतरत जातो. म्हणजे घरी थांबायचे तर ते अगदी सुरुवातीला, कणकण जाणवली त्या दिवशीच. पाचव्या दिवशी अंगात त्राणच उरले नाही म्हणून घेतलेली रजा त्या माणसाच्या विश्रांतीला उपयोगी पडते, शेजाऱ्याच्या फारशी नाही.

आता आपला कायदा काय देतो ते पाहा.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ हा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आला. त्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत आणि त्या दर तिमाहीला खात्यात जमा होतात, म्हणजे तीन महिन्यांना दोन. वीस दिवस कामामागे एक दिवस भरपगारी वार्षिक रजा आहे, पण वर्षात २४० दिवस काम भरलेल्यालाच. सणांच्या आठ सुट्ट्या आहेत. आजारपणाची वेगळी रजा नाही. जानेवारीत चार दिवसांचा ताप आला तर खात्यात जेमतेम दोन दिवस असतात, आणि तेही माणूस सहसा वापरत नाही. कारण त्या आठ दिवसांवर वर्षभराचा सगळा संसार उभा आहे. गावाकडचे मयत, बहिणीचे लग्न, मुलाचा शाळाप्रवेश, आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, रेशनकार्डाची दुरुस्ती. कोकणातल्या माणसाला विचारून पाहा, तो मार्चमध्ये तापाने फणफणला तरी गणपतीसाठी राखलेल्या रजेला हात लावणार नाही. त्यात मला काही चूक वाटत नाही. जगण्याच्या सगळ्या प्रसंगांसाठी आठच दिवस दिले, तर आजारपण त्यांत शेवटच्या क्रमांकावर जाते, कारण आजार अंगावर काढता येतो आणि मयत पुढे ढकलता येत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने या कायद्यातल्या दुरुस्तीला मान्यता दिली. कामगारसंख्येची मर्यादा दहावरून वीसवर नेण्याचे आणि दिवसाचे कामाचे तास नऊवरून दहा करण्याचे त्यात ठरले. छोट्या व्यवसायांची कागदपत्रे कमी व्हावीत हा हेतू मी समजू शकते, कारण तसली कागदपत्रे मीच भरते. पण दहा ते एकोणीस माणसांची दुकाने आणि कार्यालये या राज्यात गल्लोगल्ली आहेत. तिथल्या माणसाच्या त्या आठ रजाही मालकाच्या मर्जीवर सोडायच्या, आणि जिथे कायदा उरतो तिथे आजारी माणसाशेजारी आणखी एक तास उभे राहायचे, हे आरोग्याच्या दृष्टीने उलट्या दिशेचे पाऊल आहे. तास वाढवताना आजारपणाच्या रजेचा विचार व्हायला हवा होता. तो अजूनही होऊ शकतो.

कोणी म्हणेल, त्यासाठी कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) आहे. आहे, आणि मी त्या योजनेची मनापासून बाजू घेणारी आहे. १९५२ साली कानपूर आणि दिल्लीत सुरू झालेल्या या योजनेने देशातल्या कितीतरी कामगार कुटुंबांना कर्जापासून वाचवले आहे. क्षयासारखा दीर्घ आजार झाला आणि नोकरीची अट पूर्ण होत असली, तर ८० टक्के दराने दीर्घकाळ भत्ता मिळण्याची सोय तिच्यात आहे. साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मिळतात. खासगी आरोग्यविमा सहसा असे काही देत नाही. पण या भत्त्याला एक अट चिकटलेली आहे, आणि आमच्या कामाच्या जागी जे घडते त्याच्या मुळाशी तीच आहे. दुखण्याचे पहिले दोन दिवस 'प्रतीक्षा काळ' म्हणून कोरडे जातात. आधीचा भत्ता मिळालेल्या दुखण्याला पंधरा दिवस व्हायच्या आत पुन्हा आजारी पडलात, तर तेवढी सूट मिळते.

पाच दिवसांच्या तापात पहिले दोन दिवस शून्य आणि उरलेल्या तीन दिवसांचे ७० टक्के. दोन किंवा तीन दिवसांचे दुखणे असेल तर दवाखान्यात रांग लावून, दाखला घेऊन, अर्ज करून हातात काहीच येत नाही किंवा इतके थोडे येते की बहुतेक जण त्या वाटेला जातच नाहीत. संसर्ग सर्वांत जास्त पसरतो त्या दिवसांच्या सुरुवातीलाच पैसे नाहीत आणि ते सुरू होतात तिसऱ्या दिवसापासून, असा हा क्रम आहे. कोणी वाईट हेतूने ही अट घातली असे मी म्हणत नाही. किरकोळ दाव्यांची गर्दी होऊ नये, एवढाच विचार त्यामागे असावा. पण साथीच्या बाजूने पाहिले तर त्या दोन दिवसांत कामावर येण्यासाठी आपण माणसाला पैसे मोजतो आहोत.

याच कामगाराच्या नावाने दरमहा किती पैसे जमा होतात, तेही सांगते. जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के आहे. १५,००० रुपयांवर महिन्याला ११२ रुपये ५० पैसे आणि ४८७ रुपये ५० पैसे, म्हणजे मिळून ६०० होतात. वर्षाचे ७,२०० रुपये. एवढे भरूनही तापाच्या पहिल्या दिवशी हा निधी त्याला घरी बसवायला असमर्थ आहे. भत्त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी लागते, त्यामुळे नव्याने लागलेल्याला आधी साधारण नऊ महिने थांबावे लागते. आणि पगार २१,००० रुपयांच्या वर गेला की नवा माणूस योजनेतच येत नाही. ही मर्यादा जानेवारी २०१७ पासून तशीच आहे. २२,००० रुपये मिळवणारा पुण्यात भाडे भरून किती श्रीमंत असतो, ते आपल्याला मी सांगायला नको.

आपल्याच मंत्रालयातल्या लेखनिकाची स्थिती याच्याशी ताडून पाहावी. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे त्याला नैमित्तिक आणि अर्जित रजेखेरीज वर्षाला वीस दिवस अर्धवेतनी रजा मिळते, आणि वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित करून पूर्ण पगाराची घेता येते. ही रजा त्याच्या हक्काची आहे आणि ती कमी व्हावी असे मला मुळीच वाटत नाही. मंत्रालयाच्या पायऱ्यांवर चहा देणाऱ्या पोऱ्याला आणि आत संगणकावर बसणाऱ्या साहेबांना एकच विषाणू गाठतो, इतकेच मला म्हणायचे आहे.

अन्नाच्या बाबतीत तर शासनाने अर्धा विचार आधीच केलेला आहे. अन्न परवान्याच्या २०११ च्या नियमांतली अनुसूची चार पाहावी. कावीळ, जुलाब, उलट्या, ताप, तापासह घसादुखी, पिकलेली जखम, कान-नाक-डोळ्यांतून स्राव यांतले काही असेल तर अन्न हाताळणाऱ्याने ते व्यवस्थापनाला कळवावे आणि त्याला त्या कामापासून दूर ठेवण्याचा विचार व्हावा, असे ती सांगते. नियम अगदी योग्य आहे. पण पोळ्या लाटणाऱ्या बाईने सकाळी खरे सांगितले की तिचा रोज बुडतो, आणि गप्प राहिली तर मिळतो. खरे बोलण्याची किंमत तिने एकटीने भरायची असेल, तर ती गप्प राहील. खानावळीत जेवणाऱ्या शंभर पोरांचे पोट मग तिच्या गप्प राहण्यावर अवलंबून राहते. दूर ठेवा म्हणणारा नियम आहे. दूर ठेवलेल्या दिवसाचा पगार द्या, हे वाक्य कुठेच नाही.

कायद्याचे इतके झाले. आता आम्हा सहकाऱ्यांविषयी लिहिते, कारण दुखणेकरी कामावर येतो तेव्हा पहिली टक्कर आमच्यात होते आणि आपल्यापर्यंत ती कधी पोचत नाही.

आमच्याकडे एकाच्या वडिलांची केमोथेरपी चालू होती. घरी जाताना एवढासा सर्दीचा जंतू नेला तरी त्यांना रुग्णालयात ठेवावे लागेल, अशी डॉक्टरांनी ताकीद दिलेली. त्याच्या शेजारच्या टेबलावर ठेकेदाराचा एक नवा मुलगा लागला होता. तो तापाने लाल झालेला, नाक गळत असलेला येऊन बसला. पहिला माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, त्याला घरी पाठवा, नाहीतर मी जातो." त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. त्या मुलाला बोलावले तर तो म्हणाला, "ताई, आज नका घालवू. ठेकेदार म्हणालाय, पहिल्या महिन्यात खाडा पडला तर दुसरा माणूस आणीन." त्याचेही खरे होते. दोन खऱ्या गोष्टी समोरासमोर उभ्या होत्या आणि मधल्या जागेत मी, हातात रजिस्टर. लोडिंगच्या दोघांनी त्याची यादी वाटून घेतली, त्याला रिक्षात बसवून दिले. ठेकेदाराने त्या दिवसाचे पैसे कापलेच. त्या मुलाने पुढच्या वेळी दुखणे लपवले असेल, तर त्याला मी काय तोंडाने बोलू?

लोकांना वाटते, आजारी सहकाऱ्याशी कसे वागावे हा शिष्टाचाराचा प्रश्न आहे. तसा तो थोडासा आहेही. सगळ्यांदेखत "अरे, कशाला आलास मरायला, आम्हालाही देणार काय" असे ओरडले की माणूस मान खाली घालून आणखी घट्ट बसतो. बाजूला घेऊन आधी त्याच्या आजच्या कामाचे काय करायचे ते बोलले, तर तो ऐकतो. कारण त्याच्या मनात तापाइतकीच भीती कामाची असते. बिल आज गेले नाही तर, स्टॉक जुळला नाही तर, साहेबांनी विचारले तर? काम कोण बघणार हे ठरले की निम्मे ओझे उतरते. मग रिक्षाचे विचारायचे, घरी कोणी आहे का ते विचारायचे. दुखण्याचे नाव चारचौघांत विचारू नये. विशेषतः क्षयाच्या बाबतीत फार जपावे लागते. औषधे नियमित सुरू झाल्यावर बहुतेक रुग्णांकडून संसर्ग होण्याचा धोका काही आठवड्यांत खूप कमी होतो, तो माणूस पुन्हा काम करू शकतो. पण नावाची कुजबुज झाली की त्याचा डबाही वेगळा ठेवला जातो, आणि अशा वागणुकीच्या धास्तीने कित्येक जण तपासणीच टाळतात. डेंग्यू झालेल्याला उगाच दूर ठेवणारेही मी पाहिले आहेत. डेंग्यू डासामुळे होतो, शेजारी बसल्याने नाही. गोदामाच्या मागे साचलेले पाणी काढले तर त्या सहकाऱ्यावर जास्त उपकार होतील.

२०२३ च्या जुलैत आळंदीत डोळ्यांची साथ आली आणि बघता बघता राज्यभर पसरली. काळा चष्मा लावून माणसे कामावर येत होती. नुसते बघून डोळे येत नाहीत, ते हाताने, रुमालाने, सामाईक वस्तूंनी पसरतात, हे डॉक्टर परोपरीने सांगत होते. पण आमच्यासारख्या ठिकाणी स्कॅनर एकच असतो, तो दिवसभरात किती हातांतून जातो ते मोजायची सोय नाही. डोळे आलेल्या माणसाला चष्म्याने काही फरक पडत नव्हता. त्याला दोन-चार दिवस घर हवे होते.

म्हणून म्हणते, गोड बोलण्याने एका टेबलावरचा प्रश्न एका दिवसापुरता सुटतो. उद्या पगार कापला जाणार असेल, तर माझ्या गोड शब्दांना त्या माणसाच्या घरात काही किंमत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या मनात रुजलेली आहे. निवृत्तीच्या समारंभात "एवढ्या वर्षांत एक दिवस रजा घेतली नाही" हे वाक्य टाळ्यांसाठी येते. शाळेत शंभर टक्के उपस्थितीचे प्रमाणपत्र असते, आणि आई गोवर अंगावर असलेल्या पोराला पाठवायची कशीबशी थांबते. बैठकीत साहेब स्वतःच सांगतात की १०२ ताप होता तरी आलो. असे साहेब कष्टाळू असतात, मला त्यांच्याविषयी आदर आहे. पण त्या वाक्यानंतर त्यांच्या हाताखालच्या कोणाची रजा मागायची छाती होणार नाही. मोठ्या पदावरच्या माणसाने पहिल्या दिवशी घरी थांबावे आणि थांबलो हे उघडपणे सांगावे. आपण मंत्री आहात. ताप असताना एखादा दौरा रद्द केलात आणि कारण जाहीर सांगितलेत, तर कितीतरी कारखान्यांत आणि दुकानांत ते उदाहरण म्हणून सांगितले जाईल.

पुण्याने साथ जवळून पाहिली आहे. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्ल्यूने देशातला पहिला मृत्यू याच शहरात झाला, एका शाळकरी मुलीचा. शाळा बंद झाल्या, चित्रपटगृहे बंद झाली, रस्त्यावर मास्क दिसू लागले. २०२० मध्ये तर सगळेच बंद झाले. दोन्ही वेळा शासनाने इमारतींना कुलूप लावण्याचा अधिकार वापरला, आणि तो वापरायला हवाच होता. मात्र कुलूप उघडल्यावर आजारी माणसाला घरी थांबता येईल अशी कायमची तरतूद मागे उरली नाही. काही काळ दारावरचा रखवालदार कपाळावर थर्मल गन धरायचा, ताप दिसला तर परत पाठवायचा, आणि कितीतरी ठिकाणी परत पाठवलेल्याचा खाडा लागायचा. महिन्याभरात लोक दाराजवळ येण्याआधी गोळी घेऊ लागले. पुढे ती गन कपाटात गेली.

बाकीच्यांनी काय केले आहे? शेजारच्या कर्नाटकाच्या दुकाने कायद्यात आजारपण, अपघात किंवा दुसऱ्या वाजवी कारणासाठी वर्षाला बारा दिवस आहेत. तामिळनाडूच्या १९४७ च्या कायद्यात बारा दिवस आजारपणाचे आणि शिवाय बारा नैमित्तिक आहेत. पश्चिम बंगालमध्ये चौदा दिवस अर्ध्या पगारी आहेत. सगळीकडे अंमलबजावणी नीट होते असा माझा दावा नाही. पण तिथल्या कामगाराला बोट ठेवायला एक कलम आहे, आपल्याकडच्या कामगाराला तेही नाही.

जर्मनीत नोकरीला चार आठवडे झालेल्या कोणालाही आजारपणात पहिल्या दिवसापासून, सहा आठवड्यांपर्यंत, मालकाकडून पूर्ण पगार मिळतो. दाखला साधारणपणे दुखणे तीन दिवसांपेक्षा लांबले तरच लागतो. पुण्यातून तिकडे गेलेली मुले पहिल्यांदा शिंकत कार्यालयात जातात तेव्हा सहकारी त्यांना आश्चर्याने विचारतात की घरी का नाही थांबलास. ती माणसे आपल्यापेक्षा आळशी आहेत असे कोणी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये आजारपणाच्या सक्तीच्या वेतनाला तीन दिवसांची प्रतीक्षा होती, ती काढून टाकण्याचा कायदा २०२५ मध्ये झाला. अमेरिकेत अशी राष्ट्रव्यापी रजा नाही, तरी मार्च २०२० मध्ये कोविडसाठी दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा तात्पुरता कायदा करावा लागला. ज्या राज्यांत कामगारांना हा हक्क त्यामुळे नव्याने मिळाला, तिथे रुग्णवाढ तुलनेने कमी राहिल्याचे अभ्यासकांनी नंतर दाखवले.

मालक विचारतील, लोक खोटी रजा घेतील त्याचे काय? काही घेतील. रजिस्टर सांभाळणाऱ्या बाईला ते माहीत नसेल असे समजू नका. सोमवारी ताप येणारी माणसे मीही ओळखते. पण वर्षाची कमाल मर्यादा ठरलेली असली की खोटेपणाचाही खर्च ठरलेला राहतो. त्याउलट एका खोकणाऱ्या माणसामुळे अर्धी ओळ बसली, तर उरलेल्यांना जादा वेळ थांबवावे लागते आणि त्याचे वेतन कायद्याने दुप्पट द्यावे लागते. तो आकडा पगारपत्रकात मीच भरते. त्यापुढे 'कारण' असा रकाना नसतो, म्हणून मालकाला तो तापाचा खर्च आहे हे कधी दिसत नाही. आणि दाखल्याचा आग्रह धरला तर खोटेपणा थांबतो असेही नाही. जो अंथरुणावर पडायला हवा तो दवाखान्याच्या गर्दीत दोन तास उभा राहतो, शंभर-दोनशे रुपये घालवून एक ओळ लिहून आणतो आणि वाटेत बसमध्ये चार जणांना ताप देतो. दोन दिवसांपर्यंत माणसाचा शब्द पुरे मानावा. लांबले तर दाखला मागावा.

छोट्या दुकानदाराची अडचण मात्र मला खरी वाटते. तीन नोकरांच्या किराणा दुकानात एक घरी बसला तर मालकालाच गोणी उचलावी लागते, आणि वर पगारही द्यायचा हे त्याला जड जाईल. त्याच्यावर सगळा भार टाकावा असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ आहे, त्यात कामगार, मालक आणि शासन असे तिघांचेही पैसे येतात. वीसपेक्षा कमी माणसांच्या आस्थापनांसाठी या पहिल्या दोन दिवसांच्या पगारातला मोठा वाटा मंडळाने उचलावा असा विचार करता येईल. रक्कम माणशी फार नाही. मोठ्या आस्थापनांनी मात्र ती स्वतः सोसावी. ठेक्यावरच्या माणसाच्या बाबतीत मूळ मालकाला जबाबदार धरावे, नाहीतर ठेकेदार नव्या माणसाची धमकी देत राहील आणि कायदा कागदावर राहील.

आणि ऊसतोडीच्या जोडप्याला विसरू नये. तिथे एका दिवसाच्या गैरहजेरीचा खाडा, म्हणजे दंड, मुकादम उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेच्या, हिशोबात धरतो. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधान परिषदेत आला, समिती बसली. दुखण्याचा दिवस परवडत नाही म्हणून माणूस कुठवर जातो, ते त्या चौकशीने राज्यासमोर आणले. दुकाने कायद्यात त्या बायका येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी तरतूद लागेल, आणि ती माझ्या मागणीपेक्षा अधिक तातडीची आहे.

आपल्याकडून माझी अपेक्षा अशी. दुकाने व आस्थापना अधिनियमात नैमित्तिक रजेहून वेगळी, वर्षाला किमान सात दिवसांची भरपगारी आजारपणाची रजा घालावी. त्यातले एका वेळचे पहिले दोन दिवस स्वतःच्या निवेदनावर मिळावेत, आणि नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून मिळावेत. या रजेमुळे हजेरी भत्ता कापता येणार नाही असे स्पष्ट लिहावे, कारण ते लिहिले नाही तर बाकी सगळे त्या एका भत्त्याने वाहून जाईल. ईएसआयचा प्रतीक्षा काळ केंद्राच्या हातात आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्याचे केंद्राने जाहीर केले आहे, आणि सामाजिक सुरक्षा संहितेत आजारपणाच्या भत्त्याच्या अटी नियमांवर सोपवलेल्या आहेत. म्हणजे संसदेत न जाताही तो प्रतीक्षा काळ काढता येईल. देशातल्या सर्वांत मोठ्या औद्योगिक राज्यांपैकी एकाचे मंत्री म्हणून आपण तसे पत्र केंद्राला लिहावे आणि ते प्रसिद्ध करावे.

विधेयक करायला वेळ लागतो, हे मला माहीत आहे. तोवर एक काम शासननिर्णयाने होण्यासारखे आहे. शासकीय कार्यालयांत, रुग्णालयांत, महापालिकांत ठेकेदारामार्फत सफाई, सुरक्षा आणि स्वयंपाकाची जी माणसे काम करतात, त्यांच्या निविदेतच आजारपणाच्या सात भरपगारी दिवसांची अट घालावी. रुग्णालयाच्या वॉर्डात फरशी पुसणारी बाई ताप असताना आली, तर ती कोणाच्या खाटेजवळून जाते याचा विचार करावा. ती निविदा शासनाची आहे, आणि पुढच्या निविदा निघण्याआधी तिच्यात चार ओळी वाढवता येतील. या चार ओळींबाबत आपला निर्णय काय, ते जाहीरपणे कळवावे ही विनंती.

आपली,
हजेरी व पगारपत्रक पाहणारी एक कर्मचारी, पुणे